पूर्ण वाक्यात सांग

लातूरला माझ्या खोलीबाहेर 'वाचा व भाषा उपचार केंद्र' अशी ठळक पाटी होती, तरी जिना चढून येणारा दर दुसरा माणूस विचारायचा, "मॅडम, इंग्लिश स्पीकिंगची नवी बॅच कधी?" त्या बिचाऱ्यांची चूक नव्हती. खाली झेरॉक्सचं दुकान, समोर केमिस्ट्री, शेजारी फिजिक्स, मागच्या बोळात बायोलॉजी. अशा गल्लीत कुणी बोलायला शिकवत असेल तर इंग्रजीच शिकवत असणार. सुरुवातीला मी सगळ्यांना बसवून नीट समजावून सांगायची. पुढे कंटाळले आणि नुसतं "बॅच फुल आहे" म्हणायला लागले. तेव्हापासून गल्लीत माझी पत वाढली.

मी गौसिया. राहणार नांदेडची. तिथे माझं मुख्य काम चालायचं आणि आठवड्यातले दोन दिवस एसटीने लातूरला यायचे. अम्मीला हा धंदा कधी पटला नाही. सकाळी डबा भरताना ती न चुकता म्हणायची, "अगे, दुसऱ्यांच्या बच्च्यांना बोलना सिकाती, पैले खुद चुप रैना सीक." अम्मीचं निदान बरोबर होतं, पण त्यावर उपचार नव्हता.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना ऐकू नीट येतं, डोकंही चांगलं चालतं, फक्त भाषेची जुळणी होत नाही. शब्द असतात, पण ते एकमेकांशेजारी बसायला तयार नसतात. अशा मुलांसाठी मी वाक्य डोळ्यांना दाखवते. एका जाड पुठ्ठ्याच्या पटावर आकार कापलेले असतात: कोण, त्याचा लाल लांबट गोल. कुठे, त्याचा पिवळा अर्धगोल. काय, त्याचा हिरवा त्रिकोण. आणि काय केलं, त्याचा निळा चौकोन. मूल एकेक आकार भरत जातं, त्यावर बोट ठेवत जातं आणि बोटाबरोबर वाक्य चालायला लागतं. ही रीत परदेशातली, इंग्रजीसाठी बसवलेली. तिकडे क्रियापद मध्ये उभं असतं. मराठीत ते मागच्या बाकावर बसतं आणि तिथूनच सगळा वर्ग चालवतं, म्हणून मी रांग बदलून घेतली होती. यात जादू काही नाही. वेळ मात्र लागतो, आणि लातुरात नेमका तोच कुणाकडे नव्हता.

दोन हजार सोळाचा उन्हाळा होता तो. त्या वर्षी लातूरला पाणी रेल्वेने येत होतं आणि पोरं एसटीने. पाणी मोजून येत होतं, पोरं मात्र लोंढ्याने येत होती. त्याच उन्हाळ्यात सरजाबाई आपल्या नातीला घेऊन माझा जिना चढून आल्या.

नातीचं नाव बुद्धप्रिया, घरी प्रिया. वय आठ, तिसरी पास. पास म्हणजे, कुणालाच नापास करायचं नाही असं सरकारने ठरवलेलं होतं म्हणून पास. तहान लागली की ती 'पाणी' म्हणायची. पाणी सांडलं तरी 'पाणी.' नळाला पाणी आलं तरी 'पाणी.' आणि त्या उन्हाळ्यात लातुरात या तीन बातम्यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. जीभ जड आहे, असं एका नातेवाइकाने सांगून झालं होतं. मध चाटवून झाला होता. शाळेतल्या बाईंनी 'लक्ष नसते' असा शेरा मारून आपली सुटका करून घेतली होती.

"लेकराला समदं कळतंय, माय," सरजाबाई म्हणाल्या. "निस्तं तोंडातून निघत न्हाई. म्या तर तिच्या डोळ्यावरूनच वळखते."

त्यांनी खुर्ची उचलून दारापाशी नेली आणि तिथे बसल्या. दार लावू दिलं नाही. पिशवीतून पितळी तांब्या काढून पायाशी ठेवला. मी बघतेय असं पाहून म्हणाल्या, "भूकंपापासून हाय ही सवय. दार लावलं की जीव घाबरतो. तांब्या संगं लागतो." एवढ्यावर विषय संपला. औसा तालुक्यातल्या त्यांच्या गावात त्या पहाटे काय झालं, हे त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. ते मला नंतर फुकटात, तेही माइकवरून ऐकायला मिळणार होतं.

नव्या मुलाला मी लगेच चित्रं देत नाही. आठ वर्षांच्या मुलीला चित्रं कळतात, पण चित्रातली माणसं कुणाची कुणी नसतात. पहिलं वाक्य आपल्या माणसाचं असावं, हा माझा हट्ट. म्हणून मी लाल गोलावर बोट ठेवून विचारलं, "कोण?" प्रियाने आजीकडे बघितलं. आजीला उचलून पटावर ठेवणं शक्य नव्हतं. सरजाबाईंना गंमत वाटली असावी. त्यांनी काळा दोरा मानेवरून सोडवून आपला जाड भिंगांचा चष्मा काढला आणि नातीच्या हातात दिला. प्रियाने तो लाल गोलात ठेवला. हिरव्या त्रिकोणात आजीसाठी मागवलेला चहाचा कप. निळ्या चौकोनात माझ्याकडचं 'पिण्या'चं चित्र. मग बोट फिरवत, प्रत्येक आकाराशी थांबत ती म्हणाली, "आजी... चहा... पिते."

"कोण बोललं?" सरजाबाईंनी विचारलं. चष्मा काढलेला होता, पण कान जागेवर होते. तरी त्यांना खात्री वाटेना. त्यांनी ते वाक्य तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं आणि चहा थंड झाला. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकवून एकटीच हसत होते. मला फार आनंद झाला होता, हे कबूल करायला काय हरकत आहे?

अशा काही बैठका छान गेल्या. प्रिया घरून वस्तू आणायची. आईसाठी आईचा बिल्ला, कारण आई, विशाखा, सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. वडिलांसाठी खडू. आणि आजीसाठी, दर वेळी, आजीचा चष्मा. मग एके दिवशी खडूवाले वडील स्वतःच आले, आणि शिक्षण सुरू झालं.

रविकांत सरांना लातुरात कोण ओळखत नव्हतं? माझ्या खोलीसमोरच्या हॉलमध्ये ते केमिस्ट्री घ्यायचे आणि त्यांचा फोटो चौकाचौकांत फ्लेक्सवर असायचा, हाताची घडी घातलेला. माणूस वाईट नव्हता. पत्र्याच्या शेडमध्ये राहून, रस्त्यावरच्या दिव्याखाली नव्हे पण जवळपास तसाच अभ्यास करून वर आलेला. आपल्या कष्टांचा त्याला अभिमान होता आणि तो त्याने मिळवलेलाही होता. अडचण एवढीच, की ज्या शिडीने आपण वर आलो ती सोडून जगात दुसरा जिना असेल, यावर त्याचा विश्वास नव्हता.

दर नव्या बॅचला सर पहिल्या दिवशी मोटिव्हेशनचं लेक्चर द्यायचे. माइक एवढा मोठा, की माझ्या खोलीतली मुलं बोलायची थांबून तेच ऐकायची. त्यात सरजाबाई असायच्या. "माझी आई भूकंपात ढिगाऱ्याखाली होती," सर सांगायचे. "हातात फक्त एक तांब्या. ती ठोकत राहिली. ठोकत राहिली! तिने गिव्ह अप केलं नाही. आणि तुम्ही एक ऑरगॅनिकचा चॅप्टर आला की गिव्ह अप करता?" पोरं टाळ्या वाजवायची. गोष्ट खरी होती, पण तिचा एक तुकडा गळलेला होता, तो मला पुढे सरजाबाईंनी भरून दिला. ढिगाऱ्यावर तेव्हा सगळं गाव ओरडत होतं, रडत होतं, हाका मारत होतं. एका जवानाने हात वर करून सगळ्यांना गप्प बसवलं, जमिनीला कान लावला, तेव्हा कुठे तांब्या ऐकू आला. "त्यो गप बसा म्हनला म्हून म्या हाय," सरजाबाई म्हणाल्या. पण गप्प बसणाऱ्या माणसाचं मोटिव्हेशनमध्ये काय काम? सरांनी तो जवान सिलॅबसमधून वगळला होता.

सरांनी माझा पट हातात घेतला, उलटा-पालटा करून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, सिस्टिम एक नंबर आहे. फक्त तुमची स्पीड कमी आहे."

पुढच्या आठवड्यात त्यांनी सगळी कार्डं लॅमिनेट करून आणली. वस्तू बंद झाल्या, कारण चष्मा आणि खडू 'अनप्रोफेशनल' दिसतात. चित्रांची क्वेश्चन बँक तयार झाली. मुलगा आंबा खातो. ताई फुलं तोडते. आजोबा ओट्यावरून पडले. रोज सकाळी उठल्या उठल्या सराव, रविवारी टेस्ट, चुकीच्या आकाराला निगेटिव्ह मार्किंग. चित्र दाखवायचं, प्रियाने वाक्य म्हणायचं, सरांनी म्हणायचं, "करेक्ट! नेक्स्ट!" वाक्य चुकलं तर, "पूर्ण वाक्यात सांग!" वाक्यात काय म्हटलंय, हे विचारायला मध्ये जागाच नव्हती. मुलगा आंबा खातो, तर खाऊ दे. आजोबा पडले, तर पडू देत. करेक्ट, नेक्स्ट.

आणि पोरगी शिकली. का नाही शिकणार? हुशारच होती. महिन्याभरात ती सगळी चित्रं धडाधड म्हणायला लागली. पण माझ्याकडे आली, की खिडकीतून कावळा बघून 'कावळा' एवढंच म्हणायची आणि मी गप्प राहून वाट बघायला लागले, की घाबरून म्हणायची, "मुलगा आंबा खातो." मला रडू यायचं आणि त्याहून जास्त राग यायचा.

"सर, ती पाठ करतेय," मी म्हणाले.

"मग? पाठांतर वाईट असतं का मॅडम? माझी पोरं पाठ करूनच डॉक्टर होऊन राहिलीत."

"डॉक्टरला पेशंटने काय झालंय ते सांगावं लागतं, सर. तिला स्वतःच्या मनातलं एक वाक्य बोलता आलं पाहिजे. आणि ते कुणीतरी ऐकून घेतलं पाहिजे. एवढंच माझं काम आहे. बाकी सगळं पुठ्ठा आहे."

"मनातलं म्हणजे आउट ऑफ सिलॅबस," सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "ते नंतर. आधी बेस पक्का होऊ द्या."

बेस पक्का व्हायच्या आत बसवंत सरांनी तो पाहिला. बसवंत सर म्हणजे त्या क्लासेसचे मालक. उदगीरकडचे. त्यांना जगातली कुठलीही गोष्ट दिसली की तिच्याभोवती आपोआप बॅच दिसायची. प्रियाला चित्रांवरून वाक्यं म्हणताना पाहून त्यांचे डोळे चमकले. ज्या मुलांना बोलण्याची काहीच अडचण नाही, अशा मुलांसाठी 'आकार ग्रामर, फाउंडेशन बॅच, वय वर्षे तीनपासून' त्यांच्या मनात तयार झाली. लातूरचं मूल तीन वर्षांचं झालं तरी कुठल्याच बॅचमध्ये नाही, ही गोष्ट त्यांना बऱ्याच दिवसांपासून खुपत असावी.

"निवडक पालकांसाठी डेमो ठेवू या," ते म्हणाले. हॉलमध्ये क्रॅश कोर्सची पोरं कोंबलेली होती, म्हणून डेमो रविकांत सरांच्या घरी, रविवारी दुपारी. मला 'तज्ज्ञ मार्गदर्शक' म्हणून बोलावणं आलं. मी नाही म्हणणार होते, पण विशाखाचा फोन आला. "मॅडम, माझी ड्यूटी आहे. तुम्ही तरी थांबा तिच्याजवळ," ती म्हणाली. "डेमो झाला की तुमच्याकडे यायचं बंद, असं म्हणून राहिलेत हे. पोरगी पास झाली म्हणे." मग मी गेले. पास झालेल्या मुलीला निदान एकदा डोळे भरून बघावं म्हणून गेले.

सरांच्या घरातला हॉल कसला, पुढची खोली. सोफ्यावर, खुर्च्यांवर, सतरंजीवर पालक. त्यांच्या मांडीवर तीन-तीन वर्षांची भावी डॉक्टर मंडळी, नाक पुसणं बाकी असलेली. कोपऱ्यात कूलर, आत पाणी नाही, नुसता खडखडाट. आणि एवढ्याशा खोलीत बसवंत सरांच्या हातात माइक. प्रियाला नवा फ्रॉक घालून, वेणीला रिबिनी बांधून, पडद्याआड उभं केलं होतं. सरजाबाई दिसत नव्हत्या.

"आजी कुठंयत?" मी रविकांत सरांना विचारलं.

"आत आहे. तिला म्हटलं, कार्यक्रम होईपर्यंत बाहेर येऊ नको. मध्येच बोलते हो ती."

बसवंत सर बराच वेळ बोलले. जपान, मेंदूच्या पेशी, लातूरचं पाणी आणि लातूरची बुद्धी, असा त्यांचा प्रवास झाला. मग त्यांनी जाहीर केलं, की ज्या मुलीला दोन शब्द जोडता येत नव्हते, ती आता आपल्यासमोर पूर्ण वाक्यं बोलेल. "प्रिया, बेटा, ये!"

पडदा हलला नाही. रविकांत सरांनी हाक मारली. पुन्हा मारली. पालकांनी एकमेकांकडे बघितलं. मग प्रिया धावतच बाहेर आली. नव्या फ्रॉकची कड ओली होती आणि पायांचे ओले ठसे फरशीवर उमटले. त्या उन्हाळ्यात लातुरात कुणी असं पाणी सांडत नसे, म्हणून दोन-चार बायांची नजर आधी ठशांकडेच गेली.

टीपॉयवर पट ठेवलेला होता. रविकांत सरांनी पहिलं कार्ड उचलून लाल गोलात ठेवलं. मुलगा, आंबा. "हं, कोण?"

"आजी," प्रिया म्हणाली.

"नीट बघ बेटा. कोण?"

"आजी. पडली."

एक क्षण सर गोंधळले. मग त्यांचा चेहरा उजळला. ते पालकांकडे वळले. "बघा! कार्ड सोडून स्वतःचं वाक्य तयार केलं. ॲप्लिकेशन! आता एक्स्पान्शन बघा." त्यांनी पिवळ्या अर्धगोलावर टिचकी मारली. "कुठे?"

"न्हाणीत."

"पूर्ण वाक्यात सांग!"

प्रियाने श्वास घेतला. बोट लाल गोलावर ठेवलं, मग पिवळ्यावर, मग निळ्यावर. "आजी न्हाणीत पडली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मांडीवरच्या पोरांनीही वाजवल्या. रविकांत सरांनी तर उभं राहून वाजवल्या. इतके दिवस कष्ट केलेल्या बापाचा चेहरा होता तो, आणि त्या चेहऱ्यावरचा आनंद अगदी खरा होता. "करेक्ट!" ते म्हणाले. "नेक्स्ट!"

माझ्या संचातच काय, सरांच्या क्वेश्चन बँकेतही 'न्हाणी'चं चित्र नव्हतं. "सर, एक मिनिट," मी ओरडले. "आजींना बघा आधी—"

"मॅडम, मार्गदर्शन शेवटी आहे," बसवंत सर माइकवरून म्हणाले आणि माझ्याकडे बघून पालकांना हसले. "तज्ज्ञांनाही राहवत नाही बघा!" पुन्हा टाळ्या.

मी सोफा आणि टीपॉय यांच्यामध्ये अडकले होते, समोर पोह्यांचे ट्रे फिरत होते. प्रिया तिथेच उभी होती. तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. तिने सगळं सांगितलेलं होतं. कोण, कुठे, काय झालं. आकार बरोबर, रांग बरोबर, वाक्य पूर्ण. आणि तरी एकही माणूस जागचा हलला नव्हता. तिने पुन्हा म्हणून पाहिलं, या वेळी मोठ्याने. "आजी न्हाणीत पडली!"

"रिव्हिजन पण करते!" बसवंत सर म्हणाले.

ती वळली आणि पडद्याआड पळाली. "लाजली," कुणीतरी म्हणालं. रविकांत सर पुढचं कार्ड हातात धरून तिची वाट बघत राहिले. मी ट्रेवाल्याला बाजूला ढकललं, बश्या पडल्या, तेवढ्यात ती परत आली. हातात काहीतरी घट्ट धरलेलं. ती सरळ टीपॉयपाशी गेली, वडिलांनी लाल गोलात ठेवलेलं मुलाचं चित्र उचलून तिने जमिनीवर टाकलं, आणि त्या जागी हातातली वस्तू ठेवली.

सरजाबाईंचा चष्मा होता तो. ओला, एक भिंग तडकलेलं, दोरा तुटलेला.

माइक बसवंत सरांच्या तोंडापासून हळूहळू खाली आला. मी हात लांब करून कूलरचं बटण बंद केलं. खडखडाट थांबला आणि खोलीत कधी नव्हे ती शांतता झाली. मग आतून, घराच्या मागच्या बाजूने, आवाज आला. फरशीवर पितळ आपटल्याचा. थांबून थांबून, दमलेला.

तो आवाज रविकांत सरांनी इतक्या बॅचेसना वर्णन करून सांगितला होता, की त्यांना दुसऱ्या कुणी ओळखून द्यायची गरज पडली नाही. हातातली कार्डं तिथेच टाकून ते धावले.

न्हाणीचं दार नेहमीप्रमाणे उघडंच होतं. टिपाडातून पाणी घेताना सरजाबाईंचा पाय घसरला होता. खुब्यावर पडल्या होत्या, उठता येत नव्हतं. डोक्याच्या जखमेतून रक्त येत होतं. तांब्या हातात होता. सरांनी त्यांना उचललं, तेव्हा त्या मुलाला काही म्हणाल्या नाहीत. मला म्हणाल्या, "हाका मारल्या, माय. लई गलका होता."

दवाखान्यात विशाखा ड्यूटीच्या कपड्यांतच धावत आली. एक्स-रे झाला. खुबा मोडला होता, डोक्याला टाके पडले, पण जिवावरचं टळलं होतं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. प्रियाचा नवा फ्रॉक अजून ओलाच होता. रविकांत सरांचा फोन सारखा वाजत होता. शेवटी त्यांनी उचलला. बसवंत सरांचा आवाज बाकाच्या या टोकापर्यंत येत होता. आईंची तब्येत कशी आहे, हे त्यांनी आधी विचारलं, एवढं मला सांगितलं पाहिजे. मग म्हणाले, "सर, पालक जाम इम्प्रेस आहेत. असा लाइव्ह डेमो कुणी देऊच शकत नाही. बॅच फुल झाली!" सरांनी फोन बंद करून खिशात ठेवला.

डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, बहुतेक याच गल्ल्यांतून शिकून गेलेले, कारण रविकांत सरांना बघून त्यांचा हात आधी नमस्काराला गेला. "सर, त्या किती वेळ पडून होत्या? कुणी बघितलं आधी?"

"ॲक्च्युअली," सरांनी सुरुवात केली. सवयीने. आजवर प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या माणसाने दुसऱ्याच्या आधी दिलेलं होतं. मग त्यांचं लक्ष मुलीकडे गेलं आणि ते थांबले. तोंड उघडं होतं, त्यातून आवाज येत नव्हता. अशी बरीच मुलं मी पाहिली आहेत. त्या वयाचा माणूस पहिल्यांदाच पाहत होते.

विशाखा प्रियासमोर उकिडवी बसली. "प्रिया, काय झालं बाळा? सांग."

समोर पट नव्हता, कार्डं नव्हती. प्रियाने बोटांनी मांडीवर काहीतरी चाचपलं, जिथे लाल गोल असायला हवा होता तिथे. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. मी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी हात मागे घेतला. सगळे गप्प राहिले. बराच वेळ.

"आजी पडली," प्रिया म्हणाली.

विशाखाने मान हलवली. पुढे काही विचारलं नाही.

"मी सांगितलं."

मग तिने वडिलांकडे बघितलं. रागाने नाही. तिला खरोखरच कळलेलं नव्हतं आणि ती ते विचारत होती.

"पप्पा टाळ्या."

वाक्य पूर्ण नव्हतं. कुणीही तिला ते पूर्ण करायला सांगितलं नाही. रविकांत सरांनी आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि ते तसेच उभे राहिले.